स्टेरॉइडनं कानातला आवाज उतरला, तर पुढं काय करायचं

माझं मेडिकल जिंतूरला आहे. अधूनमधून कुणीतरी येतं, खिशातून चुरगळलेली रिकामी स्ट्रिप काढतं आणि काउंटरवर ठेवतं. "ताई, हेच पाहिजे बघा. डॉक्टरनं दम्यावर दिल्या होत्या, पण कानातलं गुंई गुंई थांबलं होतं ह्यानं." स्ट्रिप प्रेडनिसोलोनची असते, नाहीतर डेक्साची, म्हणजे डेक्सामेथासोनची. दोन्ही स्टेरॉइडच, सूज दाबणाऱ्या गोळ्या. चिठ्ठी नसते. मी गोळ्या देत नाही, पण त्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवताना जीव तुटतो, कारण तो खरं बोलत असतो. माझेही कान बरीच वर्षं वाजतात, आणि माझाही आवाज एकदा स्टेरॉइडनं उतरला होता. काउंटरवर मागं चार गिऱ्हाइकं उभी असताना सगळं सांगून होत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

आधी मुख्य गोष्ट. गोळीनं आवाज उतरला म्हणजे आवाजावरचं औषध सापडलं, असं नाही. तुमच्या आवाजातला काही भाग सुजेमुळं असू शकतो, एवढा धागा हाती लागला. तो धागा धरून कानाच्या डॉक्टरांकडं जायचं. गोळ्या परत परत खाल्ल्या तर सूज तात्पुरती दबते, आवाज मागेपुढे होत राहतो आणि मूळ कुठं आहे ते शोधायची संधी हातची जाते.

सूज आणि आवाज

कान वाजण्याची कारणं एक नाहीत. बहुतेकांच्या आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी झिजलेल्या असतात. वयानं, गोंगाटानं, कधी एखाद्या औषधानं. कानाकडून येणारा संदेश क्षीण झाला की मेंदू ऐकण्याची धार वाढवतो. आकाशवाणी परभणी नीट लागत नसलं की आपण रेडिओचा आवाज वाढवतो आणि बातम्यांबरोबर खरखरही वाढते, तसंच हे. माणसाच्या कानातली केसपेशी एकदा मेली की परत उगवत नाही, आणि स्टेरॉइडनंही ती उगवत नाही.

काही आवाजांच्या मागं मात्र खरोखर सूज असते. नाकाच्या मागून मधल्या कानाकडं एक नळी जाते, युस्टेशियन ट्यूब. ॲलर्जीनं नाक सुजलं की ही नळी नीट उघडत नाही, कान दडे बसल्यासारखा होतो, कधी पडद्यामागं पाणी साचतं. बाहेरचं कमी ऐकू आलं की आतलं जास्त जाणवतं. जबड्याचा सांधा किंवा मान दुखावलेली असेल तरी आवाज वाढतो. काहींचा तर नुसता जबडा पुढं काढला तरी बदलतो. क्वचित शरीराची प्रतिकारशक्तीच आतल्या कानावर उलटते, दोन्ही कानांचं ऐकणं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत भराभर उतरत जातं. हा आजार ब्रायन मॅकेब या अमेरिकन डॉक्टरांनी 1979 साली मांडला, आणि तो स्टेरॉइडला दाद देतो. मोठ्या आवाजानं कान बिघडल्यावर मेंदूच्या ऐकण्याच्या भागातही सूज येते, असं 2019 साली उंदरांवरच्या अभ्यासात दिसलं. माणसांसाठी त्यातून अजून औषध निघालेलं नाही.

आणि सुजेशी काही संबंध नसतानाही स्टेरॉइडवर बरं वाटू शकतं. पहिले काही दिवस या गोळ्यांनी अंगात तरतरी येते, मन हलकं होतं. धाप थांबल्यानं झोप लागते. झोप झाली की तोच आवाज कमी टोचतो. शिवाय आवाज आपोआपही कमी-जास्त होतोच, आणि लोक गोळी घेतात ती तो शिगेला पोचल्यावर. काहींच्या बाबतीत नेमकं उलटं होतं: स्टेरॉइडनं झोप उडते, बीपी वाढतं आणि कान आणखी जोरात वाजतात.

या औषधाचा हा स्वभाव जन्मापासूनचा आहे. 1948 साली मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवातानं जखडलेल्या एका बाईला कॉर्टिझोन हे स्टेरॉइड दिलं आणि ती काही दिवसांत चालायला लागली. 1950 मध्ये त्यांना आणि आणखी दोन संशोधकांना नोबेल मिळालं. पण औषध थांबवलं की दुखणं परत यायचं आणि चालू ठेवलं की शरीरात दुसरंच बिघडायचं.

माझ्या कानात दोन आवाज होते

माझ्या वडिलांची पिठाची गिरणी होती. शाळेतून आले की मी गिरणीतच अभ्यासाला बसायची, डावीकडं मोटर आणि पट्टा. डाव्या कानात बारीक शिट्टी कधीपासून आहे हे मला सांगताही येत नाही. नंतर त्यात एक खालच्या पट्टीतली गुंई मिसळली. ती पावसाळा संपताना वाढायची.

सोयाबीनची काढणी चालू झाली की आमच्याकडं हवेत भुसकट असतं. मळणी यंत्र शेजारच्या रानात लागलं तरी माझी छाती भरते. एका वर्षी धाप फारच लागली, तेव्हा फिजिशियननी प्रेडनिसोलोनचा छोटा कोर्स दिला. छाती सुटली. मग नाक मोकळं झालं. मग जांभई देताना डाव्या कानात टक्कन झालं आणि गुंई गेली. शिट्टी होती तशीच होती. कोर्स संपला, नाक पुन्हा चोंदलं, गुंई परत आली.

शिट्टी राहिली आणि गुंई गेली, हा फरक मी वहीत लिहून ठेवला होता. नाक-कान-घसा तज्ज्ञांना सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. त्यांनी दोन तपासण्या केल्या. एक पीटीए, म्हणजे बंद खोलीत हेडफोन लावून ऐकण्याचा आलेख; दुसरी इम्पीडन्स, ज्यात कानात हवेचा हलका दाब देऊन पडदा किती हलतो ते पाहतात. आलेखात 4000 हर्ट्झला खड्डा होता, गोंगाटानं बिघडलेल्या कानाची ओळखीची खूण. इम्पीडन्समध्ये डाव्या पडद्यामागचा दाब कमी निघाला. शिट्टी गिरणीची आणि गुंई नाकाची, असा उलगडा झाला. गुंईसाठी गोळ्यांची गरजच नव्हती. नाकाच्या ॲलर्जीवर नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे दिला. त्यातलं औषध रक्तात फार थोडं जातं.

स्प्रे कसा मारायचा हे फार कमी जणांना कुणी दाखवलेलं असतं, म्हणून लिहिते. आधी नाक शिंकरून साफ करा. बाटली हलवा, नवी असेल तर धुरकट फवारा येईपर्यंत हवेत दाबा. मान किंचित खाली. उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं, डाव्या नाकपुडीत उजव्या हातानं. असं केलं की नळीचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या डोळ्याच्या कोपऱ्याकडं वळतं. नाकाच्या मधल्या पडद्यावर फवारा बसत राहिला तर रक्त येतं. जोरात ओढू नका. घशात कडू लागलं तर औषध नाकात राहिलंच नाही असं समजा. आणि दोन दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडू नका. पूर्ण परिणामाला आठवडा-दोन आठवडे लागतात.

वहीत काय लिहायचं

स्टेरॉइड कानासाठी दिलेलं असो वा दम्यासाठी, त्वचेसाठी, सांध्यासाठी, कोर्स चालू झाल्यापासून तो संपल्यावर दोन आठवड्यांपर्यंत रोज चार ओळी लिहा. वेळ रोज एकच ठेवा. मी रात्री दुकान बंद करून आल्यावर लिहायची, कारण दिवसभराच्या गलक्यात आवाजाचा अंदाज येत नाही.

गोळीचं नाव आणि मिलिग्रॅम लिहा, नुसतं "पांढरी बारीक गोळी" नको. आवाज कोणत्या कानात, कसा आणि शून्य ते दहात किती. ऐकू किती येतं याची एक ठरलेली खूण ठेवा. मी फोन एकदा या कानाला, एकदा त्या कानाला लावून बघायची. नाक चोंदलंय का, कान दडा बसलाय का, चक्कर आली का, झोप किती लागली. बीपी-शुगर असेल तर तेही.

या नोंदींतून बरंच कळतं. आवाज उतरला आणि ऐकणंही सुधारलं, तर डॉक्टरांना हे ताबडतोब कळायला हवं. आतल्या कानातली सूज किंवा प्रतिकारशक्तीचा आजार असू शकतो आणि उशीर झाला तर ऐकणं कायमचं जाऊ शकतं. आवाज उतरला, नाक-कान मोकळे झाले, तर आधी नाक तपासायला हवं. आकडा तोच राहिला पण झोप लागली आणि त्रास कमी वाटला, तर झोपेवर आणि मनावर काम केलं तरी तेवढाच आराम मिळू शकतो, स्टेरॉइडशिवाय.

इथं मात्र एक दिवसही घालवू नका

सकाळी उठल्यावर एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं, किंवा तीन दिवसांच्या आत ऐकणं झपाट्यानं उतरलं, सोबत कान वाजायला लागला, तर ही तातडीची बाब आहे. इथं स्टेरॉइड हाच खरा उपचार आहे आणि तो जितक्या लवकर, तितका चांगला. पहिल्या दोन आठवड्यांच्या आत चालू व्हावा लागतो. शुगरमुळं गोळ्या झेपत नसतील किंवा गोळ्यांनी फरक पडला नाही, तर पडद्यातून मधल्या कानात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात.

आपल्याकडं हे दिवस मळ समजून वाया जातात. कुणी लसणाचं तेल कोमट करून घालतं, कुणी म्हणतं पाणी गेलं असेल, निघेल. तेल घालू नका. तोंड मिटून "हूं" असा आवाज काढून बघा. बंद वाटणाऱ्या कानातच तो मोठा घुमला तर बहुधा मळ किंवा मधल्या कानाची अडचण; चांगल्या कानाकडं सरकला तर आतला कान किंवा नस. ही घरगुती चाचणी आहे, तिच्यावर विसंबून घरी बसायचं नाही. निकाल काहीही आला तरी त्याच दिवशी कान दाखवा. जवळ तज्ज्ञ नसेल तर नांदेडचं शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूरचं विलासराव देशमुख, यातलं जे जवळ पडेल ते. सगळीकडं कान-नाक-घसा विभाग आहे. सोयाबीन बाजारात नेऊन मग जातो, असं म्हणू नका.

आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, एकाच कानात असून वाढत असेल, तोंड वाकडं झालं असेल, गरगरत असेल, कानातून पू किंवा रक्त येत असेल, तरीही घरगुती प्रयोग बंद.

चिठ्ठीवर स्टेरॉइड लिहून आलं तर

गोळी सकाळी, नाश्त्यानंतर. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, कॉर्टिसोल, पहाटे-सकाळी वर असतं, त्याच्याशी हे जुळतं आणि रात्रीची झोपही वाचते. रात्री घेतली तर टक्क जागे राहाल, आणि शांत रात्री कान किती वाजतो ते तुम्हाला ठाऊक आहेच.

गोळीच्या आकारावरून जोर ठरवू नका. हे मी रोज सांगते तरी थकत नाही. प्रेडनिसोलोन 5 मिलिग्रॅम, मिथाइलप्रेडनिसोलोन 4 मिलिग्रॅम, डेफ्लाझाकॉर्ट 6 मिलिग्रॅम आणि डेक्सामेथासोन अवघं 0.75 मिलिग्रॅम, या सगळ्यांचा जोर जवळपास सारखा. परवा एक आप्पा म्हणाले, "ताई, डेक्सा तर अर्ध्याच मिलिग्रॅमची हाय, तिनं काय व्हतंय?" मी म्हणाले, "आप्पा, ती अर्धी मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तीन मिलिग्रॅमपेक्षा जास्त भरते. आणि डेक्सा अंगात दीड-दोन दिवस काम करत राहते." ते स्ट्रिप हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले, आणि मग त्यांनी सांगितलं की घरी म्हातारी गुडघ्यांसाठी हीच गोळी रोज घेते, दोन महिन्यांपासून.

अशा माणसानं गोळी एकदम बंद करायची नाही. तीन आठवड्यांच्या वर स्टेरॉइड चालू राहिलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी आपलं काम कमी करतात. अचानक थांबवलं तर गळून जाणं, उलट्या, बीपी खाली येणं, जिवावरही बेतू शकतं. डोस डॉक्टरांनीच पायरी पायरीनं उतरवायचा असतो. बिना नावाच्या पुड्या खाऊन सांधे आणि कान दोन्ही एकदम शांत झाले असतील, तर त्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शंका घ्या आणि पुडी डॉक्टरांना दाखवा.

शुगरवाल्यांनी एक ध्यानात ठेवा. सकाळच्या गोळीनं दुपारी जेवणानंतर आणि संध्याकाळी साखर चढते. उपाशीपोटीची साखर चांगली येऊ शकते आणि आपण निर्धास्त राहतो. तपासायची ती दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी. काचबिंदू, पोटातला अल्सर, पूर्वीचा टीबी, कावीळ बी, यातलं काही असेल तर डॉक्टर विचारोत न विचारोत, आपण सांगायचं. सोबत डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळी मनानं घ्यायची नाही, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. घरात कुणाला कांजिण्या आल्या असतील तर कळवायचं. जास्त दिवस घेतल्यानं मोतीबिंदू होतो, हाडं ठिसूळ होतात, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो. 2021 मध्ये काळ्या बुरशीनं आपल्याकडच्या माणसांचे डोळे गेले, जबडे काढावे लागले. चढलेली साखर आणि स्टेरॉइड ही जोडी त्यात होती. त्या दिवसांत मी त्या बुरशीवरच्या ॲम्फोटेरिसिन औषधासाठी रडणारे नातेवाईक पाहिले आहेत. स्टेरॉइडची स्ट्रिप चिठ्ठीशिवाय माझ्या हातून सुटत नाही ती त्यामुळंही.

जुना आवाज, आणि रात्र

सहा महिन्यांहून जास्त काळ वाजणाऱ्या आणि त्रास देणाऱ्या कानासाठी अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं 2014 साली मार्गदर्शक सूचना काढल्या. कानाच्या पडद्यातून औषधाची इंजेक्शनं सरसकट देऊ नयेत, नैराश्याच्या किंवा चिंता शमवणाऱ्या गोळ्याही फक्त आवाजासाठी सरसकट देऊ नयेत, असं त्यात आहे. गिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), झिंक, मेलाटोनिनची शिफारस नाही. शिफारस आहे ती ऐकणं कमी असेल तर श्रवणयंत्राच्या तपासणीची आणि सीबीटी नावाच्या, विचारांची सवय बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाची. गिंकोच्या महागड्या बाटल्या माझ्याकडंही विकायला येतात. कानाच्या आवाजासाठी म्हणून मी त्या ठेवत नाही.

माझ्या शिट्टीवर जे चाललं ते श्रवणयंत्र. बाहेरचं ऐकू यायला लागलं आणि शिट्टी मागं पडली. गेली नाही, पण दिवसभरात तिची आठवण येत नाही. सरकारी एडिप योजनेत पात्र अपंगत्व प्रमाणपत्र आणि उत्पन्नाची अट बसत असेल तर यंत्र मिळतं. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

रात्री पूर्ण शांतता ठेवू नका. उन्हाळ्यात कूलर आपलं काम करतोच, अडचण थंडीत येते, आणि लाइट गेली की. पंखा थांबल्याबरोबर कान दुप्पट वाजल्यासारखा वाटतो. बॅटरीवरचा छोटा रेडिओ किंवा फोनवर पावसाचा आवाज तयार ठेवा. तो कानातल्या आवाजाच्या जरा खालीच असावा, आवाज बुडवून टाकायचा नाही. दोन्ही सोबत ऐकू आले म्हणजे मेंदू हळूहळू आतल्याकडं लक्ष देणं सोडतो. कानात कापूस घालून झोपू नका. डीजेच्या मिरवणुकीत मात्र कानात बोळे हवेतच, नुसता कापूस पुरत नाही, फोमचे बोळे घ्या. आणि आवाजानं जगणं नकोसं व्हायला लागलं, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. माझ्या काउंटरवर काही जणांनी हळू आवाजात असं बोलून दाखवलंय, तेव्हा मी नंबर चिठ्ठीवर लिहून देण्याऐवजी तिथंच लावून दिला.

औषधं घेताना दुकानदाराला "माझे कान वाजतात" हे आधी सांगा. जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं, ॲस्पिरिनचे मोठे डोस, फ्युरोसेमाइड, मलेरियावरचं क्विनीन, कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन, ही कानाला त्रास देऊ शकणारी औषधं आहेत. हृदयासाठी रोज घेतली जाणारी छोटी ॲस्पिरिन या यादीत येत नाही, ती घाबरून बंद करू नका. टीबीसाठी अमिकासिन चालू असताना कान वाजायला लागला तर इंजेक्शन स्वतःहून थांबवू नका, पण पुढच्या तारखेची वाटही बघू नका. त्याच दिवशी टीबी केंद्रावर जाऊन सांगा आणि पीटीए करून मागा.